ढेकूळच्या आधीची गाणी

नौशादचं वडनेर भोलजीत साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. लग्न, संदल, गणपती, पुढाऱ्याची सभा. जिथं आवाज मोठा करायचा तिथं त्याची पिकअप जायची. सुचिता आली तेव्हा तो एका स्पीकरचा फाटलेला पडदा चिकटवत बसला होता. ती मूळची बुलढाण्याची, आता पुण्यातल्या एका म्युझिक कंपनीत नोकरीला. तिनं 'ढेकूळ'चं नाव घेतलं तसा नौशादनं ब्रश खाली ठेवला.

'ढेकूळ' म्हणजे काय हे २०१७ साली महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नव्हतं. काळे कपडे घालून, गिटार-ड्रम्सच्या गदारोळात कापसावर, कोरड्या विहिरींवर गाणी म्हणणारा बँड. त्यांचं 'बोंड' हे गाणं मोर्च्यांत वाजायचं, निवडणुकीत वाजायचं. गायक ज्ञानेश्वर टीव्हीवर शेतीवर बोलायला बसायचा. तो बुलढाण्याच्या कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. वखर कुठून धरतात हे त्याला कधी समजून घ्यावं लागलं नव्हतं.

"बँड सुरू केला तो तुम्ही तिघांनी ना?" सुचितानं विचारलं. "ज्ञानेश्वर, शालिग्राम आणि तुम्ही?"

"हाव. बुलढाण्याच्या हॉस्टेलात."

"कंपनीला एक अल्बम काढायचाय. 'ढेकूळच्या आधी'. स्वतःची गाणी लिहायच्या आधी तुम्ही दुसऱ्यांची जी गाणी वाजवायचा, ती. ज्यांच्यातून हा बँड घडला. ज्ञानेश्वर म्हणाले, टेप असतील तर फक्त नौशादकडे."

टेप होत्या. प्लास्टिकच्या पोत्यात, माळ्यावर. शाहीननं, नौशादच्या बायकोनं, दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढल्या होत्या आणि दोन्ही वेळा नौशादनं परत वर टाकल्या होत्या.

सुचिता पुढचे काही दिवस रोज बुलढाण्याहून एसटीनं यायची. दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं ऐकत बसायचे. अकोल्याहून आणलेल्या कॅसेटीवरची इंग्रजी गाणी होती. शब्द कुणालाच कळत नव्हते, ज्ञानेश्वरनं नुसते आवाज पाठ केले होते. शेगावच्या भजनातली एक चाल होती, तिच्यात टाळांच्या जागी शालिग्रामनं पत्र्याचा डबा बडवला होता. सैलानीच्या जत्रेत ऐकलेली एक कव्वाली होती, आणि तिच्यातल्या टाळ्यांचा ठेका नौशादनं गिटारवर घेतला होता. सुचिता मध्येच थांबवायची. "हा ठेका तर त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये आहे!" नौशाद मान हलवायचा. त्याला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत त्या गाण्यांबद्दल त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी त्यानं एक वेगळी ठेवलेली कॅसेट काढली. "हे बी ऐका."

गाणं जोरात सुरू झालं. चाल लग्नातली होती, नवरदेव दारात उतरला की नांदुऱ्याचे बँडवाले वाजवत ती. शब्द मात्र नवे होते. ज्ञानेश्वर आणि नौशाद दोघंही ओरडून म्हणत होते:

*एक थैली पेर, गाडीभर बोंडं,*
*अळीचं आता काळं झालं तोंड!*

सुचिता आधी हसली. मग तिनं कॅसेट मागे घेतली, पुन्हा ऐकली. तिचा चेहरा बदलला. "हे 'बोंड' आहे. हीच चाल. त्यांनी फक्त संथ केलीय."

"हाव," नौशाद म्हणाला. "हेच थे."

मग त्यानं सांगितलं. २००५ चा उन्हाळा. बीटी कापसाच्या बियाण्याचा तेव्हा नुसता बोलबाला होता. एका बियाण्याच्या एजंटाला गावोगाव जाहिरात करायला पोरं हवी होती. जीपवर भोंगे, मागे शालिग्रामचा ड्रम, टपावर ज्ञानेश्वर आणि नौशाद. मलकापूरपासून मेहकरपर्यंत ते हिंडले. गाणं इतकं चाललं की लहान पोरं जीपमागे धावत यायची. वडनेरलाही जीप आली. नौशादचं स्वतःचं गाव.

पंजाबरावांचं वावर नौशादच्या बापाच्या, वहाबच्या, वावराला लागून. पंजाबराव आणि वहाब एकमेकांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून म्हातारे झालेली माणसं. पंजाबराव नव्या गोष्टीला चटकन हात लावणारे नव्हते. जीपजवळ येऊन त्यांनी नौशादला विचारलं होतं, "काऊन रे, खरंच होते काय असं?"

"हाव काका," टपावरून नौशाद म्हणाला होता. "गॅरंटी."

पंजाबरावांनी थैल्या घेतल्या. थैल्यांवर छाप एक होता आणि आत माल भलताच. झाडं छातीएवढी वाढली, हिरवीगार, आणि बोंडं फारशी धरलीच नाहीत. जी धरली ती अळीनं पोखरली. दिवाळीत पंजाबरावांनी कापसाची उभी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर टाकली, बैलजोडी विकली आणि सुरतेला एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून गेले. एजंटचा पत्ताच नव्हता. लोक वहाबच्या दारात आले. ज्ञानेश्वर आणि शालिग्राम तोवर मुंबईला गेले होते. नौशादचीही बॅग भरलेली होती. बापाला त्या गर्दीत सोडून त्याला जाता आलं नाही.

"आणि पंजाबराव?" सुचितानं विचारलं.

"आले वापस. सात-आठ वर्सानं. बोलत नव्हते आमच्या घराशी. मंग अब्बा गेले तवा जनाज्याले खांदा द्याले आले. तवापासून येतेत कधीमधी दुकानावर. बसतेत." कॅसेटींच्या पोत्याचं तोंड बांधत तो म्हणाला, "हे गाणं त्या अल्बममंधी पाह्यजे. नसंन तं बाकीचं बी देत नाही मी."

त्याच आठवड्यात ज्ञानेश्वरचा फोन आला. बारा वर्षांनी.

"नौश्या, ते नको बे."

"काऊन?"

"समजून घे ना. लोक काय म्हणतील?"

"खरं थेच म्हणतीन. तू पह्यले बियाणं विकलं, मंग त्याचं रडगाणं विकलं."

 नौशादला वाटलं, आता हा फोन ठेवणार. पण ज्ञानेश्वर म्हणाला, "ठीक आहे. अल्बमसाठी बुलढाण्यातच प्रोग्राम करू. तू स्टेजवर ये. ते गाणं आपण दोघं मिळून वाजवू. तुला जे बोलायचंय ते बोल."

नौशादला हे अपेक्षित नव्हतं. तो भांडणाच्या तयारीत होता. त्या संध्याकाळी त्यानं शाहीनला सांगितलं, आता बघ, हजार लोकांसमोर त्याचा बुरखा फाडतो. शाहीन भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग काय होईन?" 

दुसऱ्या दिवशी पंजाबराव दुकानावर आले तेव्हा तो म्हणाला, "काका, बुलढाण्याले प्रोग्राम हाये माह्या. तुमी याच लागते."

"मले काय समजते त्यातलं?"

"समजते. तुमच्यासाठीच हाये."

पंजाबरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, पांढरी टोपी घातली. पिकअपमध्ये पुढं बसून ते घाट चढले, आणि घाटात त्यांनी नौशादला त्याच्या बापाच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. वहाबला पोहता येत नव्हतं आणि तरी तो पैजेवर विहिरीत उडी मारायचा, आपणच त्याला वर ओढायचो, असं सांगून ते मोकळेपणानं हसले. ते सुरतेहून आल्यापासून नौशादनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मैदान भरलं होतं. कॉलेजची पोरं, वकील, मास्तर, खेड्यांतून मोटरसायकलींवर आलेली माणसं. सुचितानं पंजाबरावांना पहिल्या रांगेत बसवलं. दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते.

नौशादच्या गळ्यात कुणीतरी गिटार अडकवली. ज्ञानेश्वरनं त्याला मिठी मारली. त्याच्या अंगाला महाग वास येत होता, पण हात तेच होते. बोटांचे घट्टे जाणवले. क्षणभर नौशाद ठरवलेलं सगळं विसरला. मग माईकसमोर आला.

"हे जे गाणं आता वाजवणार हावो," तो म्हणाला, "हे आमी जीपवर म्हणत होतो. बियाणं विकाले. बियाणं बोगस होतं. या ज्ञानेश्वरनं त्याच चालीवर मंग तुमाले रडोलं. आन ज्याइचं वावर बसलं थे इथी बसेल हायेत. वडनेरचे पंजाबराव काका. त्याइले इचारा."

 कॅमेरा फिरला. दोन्ही पडद्यांवर पंजाबरावांचा चेहरा आला, खोलीच्या भिंतीएवढा. दाढीचे पांढरे खुंट, दोन दात पडलेले, डोळे प्रकाशानं दिपलेले. त्यांना आधी कळलंच नाही की तो आपला चेहरा आहे. कळल्यावर त्यांनी टोपी नीट केली.

ज्ञानेश्वर स्टेजवरून खाली उतरला. त्यानं पंजाबरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. तो रडत होता. खरंच रडत होता, नौशादला वरून दिसत होतं. लोक उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. ज्ञानेश्वर तसाच माईकवर आला, भिजलेल्या आवाजात म्हणाला, "हो, आम्ही चुकलो! आज आम्ही ते तुमच्यासमोर गातोय!" आणि त्यानं शालिग्रामला खूण केली.

ड्रम वाजला. नौशादची बोटं आपोआप चालू लागली. *एक थैली पेर.* पहिल्या ओळीला लोक थबकले, दुसरीला हसले, तिसऱ्या खेपेला सगळं मैदान ओरडायला लागलं. *अळीचं आता काळं झालं तोंड!* पोरं खुर्च्यांवर चढून नाचू लागली. चाल वरातीचीच होती, तिच्यावर नाचायलाच येत होतं. पडद्यावर अजून पंजाबराव होते. दोन पोरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं, नाचवायला. तिसऱ्यानं गळ्यात हात टाकून फोटो काढला. पंजाबरावांचे हात वर धरले गेले, आणि पडद्यावर ते मोठे हात डावीउजवीकडे हलले, जणू तेही नाचत होते.

नौशादनं गिटार थांबवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो खाली येईपर्यंत पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

पंजाबराव पिकअपशेजारी उभे होते. घाट उतरताना ते बाहेरच पाहत राहिले. मोताळा मागे पडल्यावर म्हणाले, "तू मले काऊन नेलं?"

"काका, त्याले उघडं पाडाचं होतं."

"मंग त्याले पाडाचं. मले काऊन उभं केलं मधात?"

"तुमचंच नुकसान झालं न काका. लोकाइले समजाले पाह्यजे—"

"माह्यं नुकसान मले समजते."  वेशीजवळ ते उतरले आणि चालत घरी गेले.

अल्बम आला. जीपचं गाणं त्यात शेवटचं होतं, मैदानातल्या टाळ्यांसकट. बाकीच्या गाण्यांपेक्षा तेच चाललं. ज्ञानेश्वरच्या प्रामाणिकपणावर पेपरांत लेख आले. पंजाबरावांच्या हलणाऱ्या हातांचा तुकडा मोबाइलवरून गावोगाव फिरला. वडनेरातल्या पोरांनी तो आधी कौतुकानं पाहिला, मग पंजाबराव रस्त्यानं निघाले की ती ओळ म्हणायला सुरुवात केली. सुचिताचा फोन आला. तिचा आवाज पडलेला होता. "मी तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलंय," ती म्हणाली, "पण आता तो कुणाच्याच हातात नाही." अल्बमवर नौशादचं नाव होतं, शुद्ध छापलेलं, फोटोही होता. त्यानं तो अल्बम दुकानात मांडला नाही.

पंजाबराव दुकानाकडे फिरकले नाहीत. आठ-दहा दिवस वाट पाहून नौशाद त्यांच्या घरी गेला. मनकर्णाबाई, पंजाबरावांची बायको, ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"काका हायेत काय, काकू?"

"वावरात गेले."

"मले त्याइले बोलाचं होतं."

"काय बोलाचं हाये आता?"

"थैल्या मीच घ्याले लावल्या त्याइले. मी गॅरंटी म्हटलं होतं. माफी मांगतो म्हणलं."

आता सूप थांबलं. मनकर्णाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचंच नौशादला भय वाटलं.

"चार वर्सं झाले, हा माणूस तुह्या दुकानात येऊन बसे," त्या म्हणाल्या. "काऊन येत होते, वाटते तुले? वाट पाहेत थे. घरी आल्यावर मी इचारो, पोट्टा काई बोलला काय? थे म्हणेत, बोलन. वहाबचा हाये, बोलन कधी ना कधी." त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. "बोलला तं तू तठी बोलला. थ्या मायकात. आन बोलला तं त्या ज्ञानेश्वरले बोलला. ह्याइले नाही बोलला."



"जा बापा. शाहीन वाट पाहत असंन."

तो गेला नाही. ओट्याच्या कडेला बसून राहिला. मनकर्णाबाईंचं पाखडून झालं, त्यांनी तूर भरून आत नेली. दिवे लागायच्या वेळेला गल्लीच्या टोकाशी पंजाबराव दिसले, डोक्यावर गवताचा भारा. ओट्यावर कोण बसलंय हे त्यांना लांबूनच दिसलं असावं. ते थांबले. नौशाद उठून उभा राहिला. पंजाबरावांनी भारा डोक्यावर नीट केला आणि वळून गोठ्याच्या बाजूच्या बोळात शिरले. थोड्या वेळानं आत भारा टाकल्याचा आवाज आला, मग मागच्या दाराची कडी लागल्याचा.