मोज्याचा बोका आणि चिमणी

मित्रांनो, मी एक जुना, मोज्याचा बोका आहे. मुलांच्या दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी जोडी हरवलेल्या राखाडी मोज्याला बटणांचे डोळे लावले आणि मला जन्म दिला. जखमा धुण्याच्या खोलीत माझी नोकरी सुरू झाली.

बाई मला हातावर चढवत. पट्टी सुटू लागली की मी मुलांचे तळपाय हुंगून नाक मुरडायचो. रडता रडता मुलांना हसू फुटायचे. मात्र दुखणार असेल, तर बाई ते माझ्या तोंडून आधीच सांगत. सगळे माझे कौतुक करत आणि मी फुगून जायचो.

एकदा बाई रजेवर होत्या. हात भाजलेली एक मुलगी आली. तिची आई तिला चिमणी म्हणत असे. सुई पाहताच तिने अंग चोरले. नव्या डॉक्टरांनी घाईघाईने मला हातात घातले आणि माझा आवाज काढून म्हणाले, "सुई नाहीच टोचायची. तू माझी शेपटी बघ."

चिमणीने विश्वासाने पाहिले. ती खुदकन हसली, आणि तेवढ्यात मागून दुसऱ्या नर्सने सुई टोचली.

ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. शब्द डॉक्टरांचे होते, पण तोंड माझे होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी ती दारातच आईला बिलगली. "तो खोटारडा आहे," ती म्हणाली. मग माझी रवानगी खणात, कापसाच्या गठ्ठ्यांखाली झाली. तिथला अंधार मला बरा वाटला.

बाई परतल्या. सारे ऐकून त्या मला आणि डॉक्टरांना घेऊन चिमणीपुढे बसल्या. डॉक्टरांची मान खाली होती.

"मी तुला फसवलं. बोक्याला तसं बोलायला मीच लावलं."

चिमणीने माझ्याकडे पाहिले. मग तिने विचारले, "आज दुखणार?"

"हो. पट्टी सुटताना दुखेल," डॉक्टर म्हणाले.

तिने आपला चांगला हात पुढे केला आणि मला त्यात घातले. पट्टी सुटत असताना ती माझ्या तोंडून रडली, माझ्या तोंडून तिने डॉक्टरांना नावे ठेवली. डॉक्टर मुकाट ऐकत, हळूहळू पट्टी सोडवत राहिले.

जखम भरली, ती घरी गेली. पण जाईपर्यंत माझ्या गमतींवर ती पुन्हा कधी हसली नाही. ते आठवले की आजही मान वर होत नाही.

मित्रांनो, आम्हा खेळण्यांना स्वतःची जीभ नसते. घाबरलेल्या लहानग्याला खुशाल हसवा. फक्त हसवून फसवू नका.