जमनीचा कागद

"हो. लिही हो," हंसाबाई म्हणाली. प्रश्न अजून पुरता विचारूनही झाला नव्हता.

फरहाना सिस्टरची आर्णीहून तांड्यावरची ही तिसरी खेप. जमनीची आई शीला आजही कापूस वेचायला गेलेली. पोरीच्या वाढीबद्दल आईला विचारायचे वीस प्रश्न शेवटी आजीपुढे काढावे लागले होते.

"हवं ते बोट दाखवून मांगते का?"

"दहाही बोटं दाखवते. लिही."

अडीच वर्षांची जमनी दारात बसली होती. हातातल्या पांढऱ्या मास्कचं इलास्टिक डोळ्यांसमोर ताणायची, सोडायची. ताणायची, सोडायची.

"जमनी! ए जमनी!" फरहानाने हाक मारली. पोरीची मान हलली नाही. "पाह्यलं मावशी?"

"तुह्याकडे कायले पाहीन? तू काय तिची आत्या लागतं?"

"सारंच हो कसं असन? हा परीक्षेचा पेपर नाई. अशानं पोरीचंच नुकसान होते."

"मले नको शिकवू. कागद काय असते, मले माहीत आहे."

ते खरंच होतं. गेल्या साली पोळ्यानंतर तिचा लेक, जमनीचा बाप लखन दुसऱ्याच्या कपाशीवर फवारणी करता करता शेतातच पडला. चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणला तो झाकूनच. मग चौकशीचे साहेब याच खाटेवर बसले. फवारताना मास्क होता का? हातमोजे होते का? हंसाबाईने खरं ते सांगितलं. नाई. नाई. साहेबांनी चहा घेतला, कागदाची घडी केली. महिन्याभराने नुकसानभरपाईची यादी लागली, त्यात लखनच्या नावापुढे लिहिलं होतं, अपात्र. पुढच्याच आठवड्यात कोणीतरी येऊन घरटी एकेक मास्क वाटून गेलं.

"पुढचा सांगा," फरहाना थकून म्हणाली. "पोरीले ऐकू येत नाई, असं कधी वाटलं का?"

इथे हो म्हटलं की पोर पात्र, की नाही म्हटलं की, ते हंसाबाईला कळेना. दिवाळीपासून शीला कामावर गेली की ती जमनीच्या मागे उभी राहून थाळी बडवायची. पोर ढिम्म. आणि दूर कोणाच्या शेतात फवाऱ्याची मोटार सुरू झाली, की तीच पोर कान दाबून किंचाळायची. हे तिने शीलालाही सांगितलं नव्हतं.

"कोणं सांगतलं तुले?" तिचा आवाज चिरकला. "तांड्यात कोण बोल्लं?"

"कोणी नाई. कागदातच आहे. साऱ्याच आयांना विचारतो."

हंसाबाईने दारातल्या जमनीकडे पाहिलं. पोर इलास्टिक ताणतच होती.

"पह्यल्यापासून विचार."

फरहानाने कोरा कागद काढला.

"हाक मारली तर पाह्यते?"

"नाई."

"बोट दाखवून मांगते?"

"नाई. माहा हात धरते, पाण्याच्या मडक्यावर नेऊन ठेवते. माह्या तोंडाकडे नाई पाहत. हातच तेवढा पाह्यजे तिले."

एकेक 'नाई' ती साहेबांसमोर बोलली होती तसंच बोलली, पदर घट्ट धरून. वीस झाले.

"आता लिही अपात्र. अन् जाय."

"ह्यात पात्र-अपात्र नसते, मावशी." फरहानाने चिठ्ठी पुढे केली. "बुधवारी यवतमाळले. डॉक्टर पाहतीन. येतानी तिचं आवडतं खेळणं आणजा."

"तिथंही विचारतीन?"

"विचारतीन."

"मंग तिथंही हेच सांगीन. तू कागदावरचं बदलू नको."

फरहानाने स्कूटी चालू केली तेव्हाही हंसाबाई उठली नाही.

बुधवारी सकाळी शीला जमनीला धुतलेला फ्रॉक घालत होती. हंसाबाईने पिशवीत भाकरी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, चिठ्ठी ठेवली. मग अंथरुणातला मास्क उचलला. ताणून ताणून इलास्टिक सैल झालं होतं. तिने त्याला एक गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मास्क भाकरीच्या फडक्यावर अलगद ठेवला.