साळूबाईच्या पायाची वाट मीच अडवली

मी एक पांढरी पेशी बोलतेय. मान वर करून सांगावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही नाही. तरी सांगते, कारण जिच्या अंगात मी राहते, त्या साळूबाईला माझ्यामुळे पायाची दोन बोटं गमवावी लागली.

माझा जन्म तिच्या हाडाच्या मज्जेत झाला. जखम झाली, जंतू शिरले की धावत जायचं, घाण गिळायची, जागा स्वच्छ करायची आणि निघून जायचं, एवढंच आमचं काम. मला त्याचा केवढा तोरा होता!

साळूबाई औंधची. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर खण-नारळ आणि हळद-कुंकू विकायची. नवरा गेल्यावर त्याच टोपलीवर तिने वीरधवलला वाढवलं. तो आता साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. सून राजेश्वरी सासूबरोबर पायऱ्यांवर बसते.

साळूबाईला दहा वर्षांपासून शुगर होती. बरं वाटलं की ती गोळ्या बंद करायची. शिवाय रोज सकाळी न्हाणीत जाऊन, कुणाला दिसू न देता, मिश्री लावायची. साखरेने आणि मिश्रीतल्या तंबाखूने तिच्या रक्तवाहिन्या आतून खरवडल्या जात होत्या. एक दिवस उजव्या मांडीतल्या धमनीतून आम्हाला हाक आली, "भिंत खरचटलीय, या!"

मी गेले आणि भिंतीत शिरले. तिथे जंतू नव्हते, नुसती चरबी साचली होती. मी ती गिळायला लागले. कामच होतं ते. पण मला थांबता येईना. गिळून गिळून मी अशी फुगले की जागचं हलता येईना. तिथून निघून जायला हवं होतं. ते जमलं नाही, उलट मी आणखी जणींना हाका मारल्या. त्या आल्या, त्याही फुगल्या. आमच्यावर कडक थर चढला आणि रक्ताची वाट अरुंद होत गेली.

बाहेर साळूबाई पायऱ्या चढताना थांबायला लागली. तीसेक पायऱ्या झाल्या की पोटरीत पेटके यायचे. घटकाभर बसली की बरं वाटायचं.

"आत्या, पुन्हा बसला व्हय? गिऱ्हाईक वर गेलं की!" राजेश्वरी चिडायची.

"जा गं तू फुडं. पदर सारखा करती," साळूबाई म्हणायची.

तिला दुखण्यापेक्षा बसण्याची लाज वाटायची. पोटरी रक्तासाठी तळमळत होती, ते मला ऐकू येत होतं. मी ढिम्म पडून होते.

गेल्या वर्षी नवरात्रात नवी चप्पल तिच्या बोटाला लागली. शुगरमुळे पाय बधिर, तिला कळलंच नाही. फोड फुटला, चिघळला, बोट काळं पडलं, मग शेजारचंही. तिने हळद भरून चिंधी बांधली आणि लुगड्याच्या काठाखाली पाय झाकला. जखमेवरून हाका येत होत्या. मज्जेतून ताज्या दमाच्या पेशी निघाल्या, पण मांडीपाशी येऊन अडल्या. थोड्याच पुढे जाऊ शकल्या. त्या माझ्या अंगाला घासून जात होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ज्या कामासाठी जन्मले, तेच काम मी दुसऱ्यांनाही करू देत नव्हते.

अखेर राजेश्वरीला वास आला.

"आत्या, पाय दावा."

"काय न्हाई गं, चप्पल लागलीया."

राजेश्वरीने खाली बसून चिंधी सोडली. मग म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुला वाटलं आसतं, म्हातारी कामाला चुकती."

"मला तसंच वाटत व्हतं, आत्या," राजेश्वरी म्हणाली आणि तो पाय मांडीवर घेऊन रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी वीरधवल दोघींना घेऊन सांगलीला गेला. डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवली, जागा बदलून पुन्हा ठेवली. "नाडी लागत नाही, पायाला रक्त पोचत नाहीये," ते म्हणाले. "तंबाखूचं काही?"

"न्हाई डॉक्टर. आमच्या आईला कसलंच व्यसन न्हाई," वीरधवल म्हणाला.

साळूबाई खाली फरशीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मिश्री लावती. चाळीस वरसं झाली."

वीरधवलने आईचा हात धरला.

मग डॉक्टरांनी जांघेतून एक बारीक तार धमनीत सरकवली. तिच्यावरचा फुगा फुगला आणि आम्ही साऱ्या भिंतीशी चेंगरल्या. आमच्यावर वाट उघडी ठेवणारी जाळी बसली. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावरून रक्त धो धो वाहत खाली गेलं. पाय वाचला. दोन बोटं मात्र आधीच मेली होती, ती काढावी लागली.

आता मी जाळीमागे आहे. रोजच्या गोळ्यांनी आमची हाकाटी थंडावलीय. मिश्री सुटली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साळूबाई रोज चालते, दुखलं की थांबते, पुन्हा चालते.

गेल्या शुक्रवारी ती पायऱ्यांच्या तळाशी बसली होती. फुलं विकणारी धोंडुबाई चढता चढता थांबली आणि पोटरी चोळायला लागली.

"कवापास्नं दुखतंय?" साळूबाईने विचारलं.

"वय झालं की आता!"

"मी बी आसंच म्हणायची." साळूबाईने भर गर्दीत पायमोजा काढला आणि पाय पुढे केला. "हे बघ. उद्या राजेश्वरीसंगं दवाखान्यात जा. न्हाईतर तुझ्या लेकाला मीच सांगती."

धोंडुबाई त्या पायाकडे बघत राहिली. मग टोपली खाली ठेवून साळूबाईशेजारी बसली.

इतके दिवस माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं; तिचं बघून आज बोलले. चालताना तुमची पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर बरी होत असेल, तर नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका. आत माझ्यासारखी कुणीतरी वाट अडवून बसली असेल. लाजायचं तर तिने लाजावं. तुम्ही पाय दाखवा.