बाईंसाठी रॅम्प

गवंड्याने पहार बोळातल्या फरशीच्या सांध्यात घातली, अंगाचा भार देऊन फरशी उचकटली आणि भिंतीला टेकवून उभी केली. खाली ओली माती होती. टेलिफोनबाई दारात चाकांच्या खुर्चीवर बसून, चहाचा कप हातात धरून हे बघत होत्या. चार फरश्या निघाल्या.

"नव्या बसवणार आहेस का रे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नव्या कुठल्या, बाई! ह्याच न्यायच्यात. नगरपंचायतीच्या कार्यालयापुढे रॅम्प बांधायचाय. वरून हुकूम आलाय."

"कशाला?"

"खुर्चीवाल्यांना पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून." गवंड्याने बाहीने कपाळ पुसलं. "म्हणजे तुमच्यासाठीच की."

अख्ख्या गावात चाकांची खुर्ची एकच होती, तेव्हा त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

बाईंनी उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. गावातली लग्नं, बाळंतपणं, भांडणं, सगळं त्यांच्या हातून जोडलं गेलं. पुढे एक्स्चेंज बंद पडलं, त्यानंतर बाईंचे पाय गेले. मुलगी लांब राहायची, सुट्टीच्या दिवशी फोन करायची. राहता राहिली संध्याकाळ. तेव्हा बाई आपल्या हातांनी चाकं ढकलत बोळातून निघायच्या आणि कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर जाऊन बसायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला टोकायचं, कुणाच्या पोराचा गालगुच्चा घ्यायचा, बेकरीवाल्याच्या पावाला नावं ठेवून तोच पाव घ्यायचा. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना ढकलावा लागत नसे.

अंधार पडायच्या आत नगरपंचायतीचे अध्यक्ष स्वतः येऊन गेले. माणूस वाईट नव्हता. उंबऱ्यावर बसले आणि डोकं धरलं.

"घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत झालीय बाई. टाकी गळतेय, शाळेच्या छपराला ठिगळं लावतोय, त्यात हा रॅम्प. पैसे मागितले तर म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. मुदतीत केला नाही तर टाकीची मदतही अडवणार. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"खरंय," बाई म्हणाल्या.

"शेवटी म्हटलं, ह्या बोळात राहतं घर एकच उरलंय. एका घरासाठी एवढ्या फरश्या..." ते थांबले. बाईंच्या खुर्चीकडे त्यांची नजर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. "खडी टाकून देतो मी. एवढं रॅम्पचं उरकू दे."

बाईंना बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण टाकी सगळ्यांची होती, आणि समोरचा माणूस इतका दमलेला होता की त्याच्यावर आणखी एक ओझं टाकवेना. शिवाय दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्ये पडायचं नाही, ही त्यांच्या नोकरीची शिस्तच होती, आणि ती आता अंगातून निघत नव्हती.

"टाका हो सवडीने," त्या म्हणाल्या.

खडी आली नाही. बाईंनी एकदा जाऊन पाहिलं. चार हातांवर चाक रुतलं आणि दूधवाला येईपर्यंत त्या तिथेच, धड घरात ना धड रस्त्यावर, बसून राहिल्या. त्यानंतर त्या गेल्या नाहीत. बेकरीवाल्याच्या ते लक्षात आलं. तो पहाटे पाव घरी पोचवू लागला. बाईंची झोपमोड नको म्हणून हाक न मारता दाराच्या कडीला पिशवी अडकवून जायचा. बाई आत जाग्याच असायच्या. आपण होऊन हाक मारावी, तर तोवर पावलं लांब गेलेली असत. कुणाला दोष द्यावा असं काही घडतच नव्हतं, आणि तेच त्यांना फार लागायचं.

मग एका सकाळी अध्यक्ष आणि गवंडी धापा टाकत दारात आले.

"बाई, तपासणीचे साहेब आलेत. फोटो पाहिजे म्हणतात. रॅम्प वापरात असल्याचा."

"थांबा, केस विंचरते."

गवंड्याने त्यांना दोन्ही हातांवर उचललं. मागून अध्यक्ष डोक्यावर चाकांची खुर्ची घेऊन चिखल तुडवत निघाले. कोपऱ्यावर बाईंना खुर्चीत बसवलं, तोच बेकरीवाला ओरडला, "अहो बाई! आहात कुठे?" त्यामागे शिंपी आला, शाळेतल्या दोन शिक्षिका थांबल्या. बाई कुणाला वजन वाढलं म्हणून बोलल्या, कुणाच्या सुनेची चौकशी केली. अध्यक्ष घड्याळ बघत होते, पण त्यांनी घाई केली नाही.

रॅम्प देखणा झाला होता. बाई वर चढल्या, साहेबांनी फोटो काढला.

"झालं. आता तुम्हाला वाटेल तेव्हा इथे येता येईल, आजी," ते कौतुकाने म्हणाले.

अध्यक्षांनी मान खाली घातली. गवंडी चाकाखालच्या फरशीकडे बघत राहिला. ती कुठली, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"हो ना," बाई म्हणाल्या. "फार सोय झाली."

साहेब गेले. अध्यक्षांना बैठक होती. परतीच्या वाटेवर खुर्ची बेकरीपाशी ठेवून बाईंना उचलून नेताना गवंडी बोळाच्या तोंडाशी थबकला. पुढे चिखलात त्याच्याच सकाळच्या पावलांचे खड्डे होते.

"सांगायचं होतं ना, बाई, साहेबांना," तो हळूच म्हणाला.

"सांगून काय, पुन्हा टाकी अडकली असती." बाईंनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. बेकरीसमोर अजून दोघंतिघं उभे होते. "हे साहेब परत कधी येणार रे?"

"आता एकदम पुढल्या वर्षी."

बाई अजून बेकरीकडेच बघत होत्या.

"दर महिन्याला यावं, असा नाही का हुकूम निघत?"