टाकीतला आवाज

पिकअप अंगणात शिरली आणि ब्रेक लागला, की टाकीतून आवाज यायचा. टण्. एकदाच. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली मंजुळाबाई मान वर न करता म्हणायची, "वना उना."

वना आला, असं. वना म्हणजे तिचा थोरला. आठ वर्षं झाली त्याला जाऊन. आणि ती गाडी घेऊन येणारा धाकटा, प्रेमराज, तो आवाज ऐकला की दोन मिनिटं खाली उतरायचाच नाही. स्टेअरिंग हातात धरून नुसता बसून राहायचा. पिंप्राळ्यातल्या शेजाऱ्यांना वाटायचं, थकला असेल बिचारा, पाइपच्या कंपनीतली पाळी आणि वर ही गाडी. थकला कसला! घाबरायचा तो. चाळिशीचा बाप्या माणूस, टाकीला घाबरायचा.

कोणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "आतला पत्रा सुटलाय. त्याला काही होत नाही."

डिझेलचा काटा कधीचाच मेला होता. हबीब मिस्त्री दर वेळी म्हणायचा, "टाकी उतरवू, काटाबी करू आणि तो पत्राबी पाहू." प्रेमराज दर वेळी म्हणायचा, पुढच्या महिन्यात पाहू. असे पुढचे महिने करत करत आठ वर्षं गेली, आणि टाकीच सडली. सांध्यातून डिझेल गळायला लागलं. अंगणात तुळशीपर्यंत काळा ओघळ गेला. त्यातच वनाची बायको रूपा हिने लायसन काढलं. सोमवारपासून भुसावळच्या बाजाराला वांगी मीच नेणार, म्हणाली. गळकी टाकी घेऊन तिला रस्त्यावर कोण सोडणार?

रूपा म्हणाली, "हबीबभाईंकडे टाका गाडी."

"गॅरेजला कशाला?" प्रेमराज घाईने म्हणाला. "रविवारी घरीच बदलतो. मला येतं सगळं."

येत होतं, ते खरंच. पण खरं कारण वेगळं होतं. हबीब टाकी उघडल्याशिवाय राहिला नसता, आणि आत काय आहे ते प्रेमराजला पक्कं ठाऊक होतं. त्याचा बेत साधा होता. जुनी टाकी उतरवायची, तशीच बंद भंगारवाल्याला द्यायची, सुटलो.

नवी टाकी त्याने आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. रविवारी सकाळी चहा झाल्याबरोबर तो कामाला लागला. बॅटरीची तार काढली. खालचं बूच सोडून डिझेल कॅनमध्ये उतरवलं. मग गाडी जॅकवर घेतली आणि पोतं अंथरून खाली शिरला. टाकीला धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर रॉकेल सोडून तो उताणा पडून राहिला. टाकी त्याच्या तोंडापासून वीतभर वर होती. गाडी उभी, हवा नाही, कोणी हात लावलेला नाही.

टण्.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. जॅक जरासा बसला असेल, त्याने स्वतःला समजावलं. असेलही. पण तोंडातून निघून गेलंच, "नाना, नको ना रे."

वनाला तो नाना म्हणायचा.

आता त्या संध्याकाळचं सांगून टाकतो, कारण प्रेमराज गाडीखाली पडून तेच आठवत होता. वना तापाने फणफणून आला होता. पहाटे चारला वांगी भरून भुसावळला निघायचं होतं. खाटेवरूनच म्हणाला, "प्रेम, तेवढं डिझेल पाहून घे." काटा तेव्हाही बंदच होता, म्हणून वनाने बाभळीची एक काडी तासून ठेवली होती. एक खाच म्हणजे पाव टाकी, दोन खाचा म्हणजे अर्धी, तीन म्हणजे पाऊण. काडी सरळ उभी राहावी म्हणून खाली तारेने एक नट बांधलेला. दाराजवळच्या खिळ्याला ती टांगलेली असायची. तिच्याशिवाय वना गाडीला चावी लावत नसे.

प्रेमराजने झाकण उघडलं, काडी आत सोडली, आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. काडी हातातून सुटली ती सरळ आत. आता कोण तार घालून काढत बसणार? त्याने गाडीला खांदा लावून एक हिसका दिला. आत डुबुक झालं. तेवढ्यावर तो घरात ओरडला, "अर्धी शे!"

पहाटे वनाने त्याला हलवलं होतं. "काडी कुठंय रे?"

"गाडीतच असेल," प्रेमराज पांघरुणातून म्हणाला. "मी पाहिलंय ना. अर्धी शे. जा तू."

वना गेला. नशिराबादच्या अलीकडे डिझेल संपलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली. तो कॅन घेऊन खाली उतरला. मागून आलेल्या ट्रकला अंधारात तो दिसलाच नाही. लोक हळहळले आणि म्हणाले, काय माणूस, डिझेल न पाहता निघाला! प्रेमराजने ते ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. तेराव्याला बोलू म्हणाला. मग वर्षश्राद्धाला. मग बोलायची वेळच निघून गेली.

शेवटी बोल्ट हलले. रूपा पदर खोचून मदतीला आली. तिने खालून लाकडी ठोकळे सरकवले, प्रेमराजने नळ्या सोडवल्या, आणि दोघांनी टाकी हळूहळू खाली घेतली. आत नट गडगडत या टोकाकडून त्या टोकाला गेला.

ओट्यावरून मंजुळाबाई कळवळून म्हणाली, "हळू रे, त्याले लागी जाई!"

"भंगारवाला यायचाय, मी फाटकाजवळ नेऊन ठेवतो," म्हणत प्रेमराजने टाकी उचलली.

"थांबा," रूपा म्हणाली. "तळाला डिझेल राहिलंय. ते का फुकट घालवायचं?"

"गाळ असेल त्यात, वहिनी. राहू द्या."

"फडक्यातून गाळून घेऊ. धरा तिकडून."

नाही कसं म्हणणार? टाकी तिरकी झाली. काळपट डिझेल कॅनमध्ये पडलं, मग गाळ आला, आणि मग तोंडात काहीतरी अडकलं. रूपाने दोन बोटांनी धरून ओढलं. हातभर लांब काळी पडलेली काडी बाहेर आली. तीन खाचा, खाली तारेचा नट.

रूपा काडी घेऊन खाली बसली. तिने पदराने काडी पुसली, खाचांवरून अंगठा फिरवला. मग तिच्या डोळ्यांत जे आलं ते रडू नव्हतं, राग होता.

"म्हणजे यांच्या हातून ही आत पडली," ती म्हणाली. "पडली, आणि हे तसेच निघाले. पाहिलं नाही, मापलं नाही. भाऊ, मी आठ वर्षं या माणसाच्या फोटोला हार घालते, पण डोळ्याला डोळा देत नाही. एवढं साधं काम होतं. माझा विचार नाही, मायचा नाही. बेफिकीर माणूस!"

सुटलो की! बघा, कसं आयतं जमून आलं होतं. प्रेमराजने फक्त मान हलवायची होती. मेलेला माणूस थोडाच उठून नाही म्हणणार? काडी चुलीत गेली असती, टाकी भंगारात, आणि आवाज कायमचा बंद.

मंजुळाबाई ओट्यावरून म्हणाली, "नई वं. मना वना असा नई करावं."

त्या म्हातारीचा आवाज इतका बारीक झाला होता, की प्रेमराजला सहन झालं नाही.

"नानाने नाही पाडली," तो म्हणाला. "माझ्या हातून पडली. मापलंच नव्हतं मी. अर्धी आहे म्हणून ओरडलो. पहाटे त्याने काडी मागितली तेव्हाही खोटं बोललो."

मंजुळाबाईच्या सुपातले हात थांबले. प्रेमराज वाट पाहत होता की रूपा ओरडेल, हातातली काडी पाठीत घालेल. घातली असती तर बरं वाटलं असतं त्याला. ती काडीकडेच पाहत म्हणाली, "आणि मी त्यांना बोलत राहिले."

मग ती उठली. "नवी टाकी बसवा."

त्याने बसवली. पट्ट्यांखाली रबर घातलं, बोल्ट आवळले, नळ्यांच्या क्लिपा कसल्या. रूपा हातात पाना देत होती, पण त्याच्याकडे पाहत नव्हती. गाळलेलं डिझेल ओतलं, नळीतली हवा काढली, आणि तिसऱ्या सेल्फला गाडी लागली. प्रेमराजने ती फाटकापर्यंत मागे घेतली, परत पुढे आणली आणि ब्रेक दाबला.

काही वाजलं नाही.

मंजुळाबाई कान देऊन बसली होती. थोडं थांबून तिने विचारलं, "प्रेम, वना नई उना?"

प्रेमराज स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. लहान पोरासारखा, हुंदके देऊन रडला. आठ वर्षांत तो भावासाठी एकदाही असा रडला नव्हता. त्याला कोणी गप्प केलं नाही.

रडणं ओसरल्यावर तो खाली उतरला. समोर रूपा उभी होती. तिने धुऊन कोरडी केलेली काडी पुढे केली.

"डिझेल पाहा. उद्या मला जायचंय."

त्याने झाकण उघडलं. नट दोन बोटांत घट्ट धरून काडी आत सोडायला निघाला, आपलं चुकतंय हे लक्षात आल्यावर उलटी केली. टाकीचा तळ लागला. काडी वर काढली.

"किती आहे?"

"अर्धी," तो म्हणाला. म्हणून गेला, आणि मगच त्याच्या ध्यानात आलं की आपण काडीकडे पाहिलेलंच नाही.

रूपा जागची हलली नाही. "नीट पाहून सांगा, भाऊ."

त्याने काडी उन्हात धरली. ओल पहिल्या खाचेच्या जेमतेम वर येऊन थांबली होती.

"पाव," तो म्हणाला. "पावच आहे, वहिनी."