सामायिक हरकत

पाण्यात उतरण्यापूर्वी ताई माझ्या पाठीमागे यायची, हवेच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे ना हे फिरवून पाहायची आणि खांद्यावर थाप मारायची. मग मी तिचा पाहायचो. जोडीने बुडी मारणाऱ्यांचा हा नियमच आहे. आपल्या पाठीवरची हवा आपल्याला दिसत नाही. त्या एका थापेवर विसंबून मी वर्षानुवर्षे निर्धास्त खाली गेलो.

खाली आम्हा भावंडांची दोन राज्ये होती. खाडीच्या मुखाशी पूर्वेला तिचे सागरी गवत; कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसे प्रवाहाबरोबर वळणारे. ती त्याची अभ्यासक. पश्चिमेला माझे जहाज. वाळूत रुतलेल्या फासळ्या, तळाला वजनासाठी भरलेले गोटे, आणि ज्यांची नावे पाण्याने कधीच कुणाला सांगितली नाहीत अशा माणसांची शांतता. मी त्या शांततेचा अभ्यासक.

बंदर वाढवायचे ठरले. नव्या सागरी आराखड्यात मोठ्या जहाजांसाठी तळ खरवडून खोल मार्ग काढायचा होता. तो एक तर गवतावरून जाणार होता, नाही तर जहाजावरून. दोन्हींना वळसा घालणारा बाहेरचा मार्ग खर्चिक म्हणून तळटीपेत ढकललेला.

"वेगवेगळे गेलो तर आपल्यालाच एकमेकांच्या अंगावर घालतील," हे ताईच म्हणाली होती. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. हरकत एकच देऊ. दोन्ही वाचवा, बाहेरून जा."

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही ती हरकत लिहिली. माझा मसुदा वाचून ती हसली. "तुझी वाक्यं म्हणजे तुझ्या जहाजासारखीच रे. क्रियापद पार तळाशी गाडलेलं."

"या घरात हल्ली भाजी कमी आणि कायदाच जास्त शिजतो," भावोजी दारातून म्हणाले.

त्याच टेबलाशी, भांडी विसळताना, मी माझी भीती तिला सांगितली. शंभर वर्षांच्या अलीकडे बुडालेल्या जहाजाला कायदा वारसा म्हणत नाही, अडथळा म्हणतो. लाकडाचा तुकडा मी तपासणीला पाठवला होता. उत्तर आले नव्हते, आणि हरकतीला जोडलेल्या अहवालात मी तसे स्पष्ट नमूदही केले होते. पण एक खिळा मला छळत होता. "फारच नवा वाटतो गं. दुरुस्तीतला असेल. नसला तर?"

"वेडा आहेस. उगाच घोर लावून घेऊ नकोस," ती म्हणाली आणि माझ्या हातातली ओली थाळी घेऊन पुसू लागली.

सुनावणीत तिला आधी बोलावले. ती उभी राहिली, तेव्हा समोरच्या कागदाकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"सामायिक हरकतीतून मी माझं नाव मागे घेते," ती म्हणाली. "पश्चिमेच्या मार्गाला माझा विरोध नाही. त्या जहाजाच्या वयाबद्दल खुद्द माझ्या भावालाच खात्री नाही. तिथला एक खिळा त्याला नवा वाटतो."

खोलीतला पंखा फिरत होता. सुनावणी अधिकारी माझ्याकडे वळले. "खरं आहे का हे? तुम्हांला खात्री आहे की नाही?"

शाळेत मी 'केसाने गळा कापणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून दाखवला होता. गळा कापला जात असताना वाक्य सुचत नाही, हे तेव्हा कुणी शिकवले नव्हते.

"पूर्ण खात्री नाही," मी म्हणालो. "तपासणीचं उत्तर यायचंय. तोवर थांबा."

"आराखडा थांबणार नाही," असे म्हणून त्यांनी पश्चिमेच्या मार्गावर शिक्कामोर्तब केले.

बाहेर, जिन्याच्या वळणावर, ती माझी वाट पाहत होती.

"काल कळलं, बाहेरचा मार्ग ते घेणारच नव्हते. दोन्हीपैकी एक जाणारच होतं."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"भांडलो असतो."

"म्हणूनच." तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा. "गवत जिवंत आहे रे. मासे अंडी घालतात त्यात. तुझं जहाज बुडायचं ते केव्हाच बुडून गेलंय."

"बुडालेलं होतं, ताई. नाहीसं झालेलं नव्हतं."

तळ खरवडण्याआधी जहाजाची छायाचित्रे आणि मापे घेण्याची मुभा आराखड्याने मला दिली. एकट्याने बुडी मारण्यास मनाई असते, आणि त्या गढूळ पाण्यातली वाट तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. मी बोलावले नाही. ती आपण होऊन आली.

नावेच्या काठावर ती नेहमीसारखी माझ्या पाठीमागे आली. व्हॉल्व्ह फिरवून पाहिला. खांद्यावर थाप मारली. मी तिचा पाहिला, उघडा होता.

मग माझा हात, मी न सांगता, माझ्याच पाठीवरच्या व्हॉल्व्हकडे गेला.

मुखवटा चढवता चढवता ती थांबली. "उघडा आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि पुन्हा एकदा चाचपून पाहिला.