परड्यातला खडक

लष्कराचे धान्याने भरलेले ट्रक ज्या पुलावरून सुखरूप गेले, तोच पूल ओढ्याचे पाणी उतरल्यावर एका रुग्णवाहिकेखाली खचला.

सदलग्याजवळच्या या वस्तीचा जुना पूल पुरात वाहून गेला होता. लष्कराच्या अभियंता तुकडीच्या कॅप्टन केतकी, मूळच्या बेळगावच्या, तात्पुरता लोखंडी पूल टाकायला आल्या. वस्तीकडचे टोक टेकवायला दोनच जागा होत्या: वरच्या अंगाला देवळाजवळचा कातळ, किंवा मारुतीरावांचे परडे. देवळाची वाट गुडघाभर चिखलात बुडाली होती. मारुतीरावांची सून भाग्यलक्ष्मी हिचे दिवस भरत आले होते आणि रक्तदाब चढला होता. तिला निपाणीला दवाखान्यात न्यायचे होते.

"आप्पा, इथं खाली विहीर, पेव, भराव, असं काही आहे?"

"न्हाय ओ, मॅडम. सगळा खडक हाय."

शेजारच्या सोनाबाई हसल्या. "खडकावर वांगी लावतोस व्हय रं, मारुती?"

"तू गप गं आक्का. तुझ्या सुनंला न्ह्यायचं न्हाय."

केतकींनी पहार मारून पाहिली. हातभर खाली ती दगडावर खणकली. पाऊस वाढत होता. दुसरीकडे मारून पाहिली नाही.

पूल उभा राहिला. ओढा काठोकाठ वाहत असताना ट्रक गेले, मागोमाग रुग्णवाहिकाही वस्तीत आली. मारुतीराव मात्र सुनेला नेईनात.

"पूल दारात आणून ठेवलास, आन् आता पानी बघून भितोस?" सोनाबाई म्हणाल्या.

"उतरू दे पानी. मग न्हेतो."

पाणी उतरले. रुग्णवाहिका भाग्यलक्ष्मीला घेऊन पुलावर चढली आणि परड्याकडचे टोक जमिनीत गेले. गाडी ओढ्यात उलटली. चालक बाहेर आला. भाग्यलक्ष्मीच्या स्ट्रेचरचे पट्टे पाण्याखाली वेळेत सुटले नाहीत.

केतकींनी ती जागा खणायला लावली. एक कलंडलेली शिळा निघाली, तिच्याखाली खोलीएवढा पोकळ खड्डा.

"हे काय आहे, आप्पा?"

"पेव. आज्ज्याच्या वेळचं. जोंधळं ठेवत हुते."

"मी विचारलं होतं."

"सांगिटलं असतं तर पूल देवळाकडं न्हेला असता न्हवं तुमी?"

"नेला असता."

पुराचे पाणी झिरपून पेव भरले होते. ट्रक गेले तेव्हा त्याच पाण्याच्या दाबाने भिंतींना आतून आधार दिला होता. ओढा उतरला तसे पेव रिकामे झाले आणि भिजलेल्या मातीला आधार उरला नाही. पहार खणकली होती ती खडकावर नव्हे, पेवाच्या तोंडावरच्या शिळेवर.